वुक काराजिच : संकलन, संहिता आणि ‘लोक’

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लोकविद्येच्या इतिहासात वुक स्तेफानोविच काराजिच (१७८७–१८६४) याचा निर्देश बहुधा ग्रिम बंधूंच्या अनुषंगाने होतो. वस्तुतः सर्बियन लोकजीवनाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या या संकलकाचे कार्य मौखिक परंपरेच्या सैद्धांतिक विचारात स्वतंत्र स्थानाला पात्र आहे.

त्रशिच या खेड्यात जन्मलेला वुक १८१३ मध्ये, पहिला सर्बियन उठाव मोडल्यावर, व्हिएन्नाला आला. स्लाव्ह ग्रंथांचा सरकारी परीक्षक येर्नेय कोपितार याच्या प्रेरणेने त्याने १८१४ मध्ये लोकगीतांचा छोटा संग्रह व बोलभाषेचे व्याकरण, तर १८१८ मध्ये २६ हजारांहून अधिक शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. या कोशातील अनेक नोंदी शब्दार्थापाशी थांबत नाहीत. चालीरीती, सण व लोकश्रद्धा यांची वर्णनेही त्यांत येतात.

गीतांचे ‘स्त्रीगीते’ व ‘वीरगीते’ हे त्याचे वर्गीकरण वरवर आशयनिष्ठ वाटते. त्यामागील निकष मात्र सादरीकरणाचा आहे : पहिली गीते एकदोघे स्वतःच्या रंजनासाठी गातात, दुसरी इतरांनी ऐकावी म्हणून गायिली जातात. १८१५ मध्ये त्याने ज्यांच्याकडून गीते उतरवून घेतली, त्यांपैकी तेशान पोद्रुगोविच गीते गात नसे, सांगत असे; अंध फिलिप विश्निच १८०४ च्या उठावावर स्वतः गीते रचीत असे. ‘अनामिक लोकप्रतिभा’ ही रोमँटिक कल्पना ज्याच्या संग्रहांवर पोसली गेली, त्याच्याच नोंदींत गायकाची व्यक्तिगत सर्जकता अशी उघड होती. मिलमन पॅरीचे १९३३–३५ मधील क्षेत्रकार्य आणि अल्बर्ट लॉर्डचा १९६० मधील ग्रंथ यांनी हाच प्रश्न रचनातंत्राच्या अंगाने पुढे नेला.

तथापि संकलक हा तटस्थ लेखनिक नसतो. गायकांची व पाठांची निवड वुक करीत होता. त्या निवडीतून प्रवाही प्रयोगाची स्थिर संहिता बनली. १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात हीच निवड राजकीय रूप घेते. श्तोकावी बोली बोलणारे ऑर्थोडॉक्स, कॅथलिक व मुस्लिम या सर्वांना तो सर्ब ठरवितो. त्यांची स्वतःविषयीची धारणा तेथे गौण ठरते. लोकांच्या बोलीला लेखनाची प्रतिष्ठा मिळवून देणारा अभ्यासकच ‘लोक’ कोण हे ठरवू लागतो, हा अंतर्विरोध वुकपुरता मर्यादित नाही. लोकसाहित्याच्या प्रत्येक संकलनाचे वाचन करताना गीताबरोबर संकलकाचा हातही वाचावा लागतो, तो यामुळेच.