वाचनालयाची वेळ आणि आपली सवड

आम्ही मुंबईतल्या भांडुपच्या बचतगटांच्या बायका. रेडिओवरच्या आमच्या या गप्पांत आज विषय आहे वाचनालयाचा. पण कुठलं पुस्तक चांगलं, हे आज सांगायचं नाही. आज बोलायचं आहे ते वाचनालयाच्या दारावरच्या छोट्या पाटीबद्दल. "वेळ : सकाळी अमुक ते तमुक, संध्याकाळी अमुक ते तमुक." या पाटीकडे आपण फारसं बघत नाही. पण आत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार, हे बऱ्याचदा त्या पाटीनेच ठरतं. आज नाही, गेली जवळजवळ दोनशे वर्षं.

महाराष्ट्रातली वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. आमच्या रेल्वेमार्गावर कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. त्या काळी यातल्या काही वाचनालयांना 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणत. वर्गणी भरायची आणि वर्तमानपत्रं, पुस्तकं वाचायची. येणारे कोण? कचेरीतले अंमलदार, वकील, मास्तर, कारकून. ज्यांच्या हातात कामाचं घड्याळ होतं आणि काम संपल्यावर मोकळी संध्याकाळही होती, अशी मंडळी.

१८४८ साली पुण्यात वाचनालय निघालं, आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. एकाच गावात, एकाच वर्षी, एकीकडे पुस्तकांचं दार उघडलं आणि दुसरीकडे मुली पहिल्यांदा पाटी हातात धरत होत्या. म्हणजे पुस्तकं तयार होती, पण ती वाचू शकणारी बाई अजून घडायची होती.

पुढे १८५५ मध्ये फुले दांपत्याने आणखी एक काम केलं, ते आपल्या आजच्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. त्यांनी शेतकरी आणि कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. लोक शाळेच्या वेळेला येत नाहीत म्हणून त्यांनी लोकांना नावं ठेवली नाहीत. त्यांनी शाळेचीच वेळ बदलली. वाचनालयाच्या वेळेचा सगळा मुद्दा आमच्या मते एवढ्यात आला.

मुंबईत कष्टकऱ्यांनी स्वतःसाठी वाचायची जागा केल्याचीही गोष्ट आहे. काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय आज दिमाखदार दगडी इमारतीत दिसतं. पण त्याची सुरुवात १८४७ साली झाली ती टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या यंत्रकामगारांच्या संस्थेतून. इमारत नंतर आली, १८७० मध्ये. आधी हाताला तेल लागलेली माणसं होती, ज्यांना कामानंतर शिकायचं होतं.

गिरणी कामगारांची स्थिती याहून बिकट. पहाटे भोंगा झाला की आत, आणि अंधार पडता पडता बाहेर. आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं, 'दीनबंधू' वर्तमानपत्रातून त्यांचं म्हणणं मांडलं. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली, त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार म्हटलं की आरामाचा दिवस समजतो. तो रविवार भांडून मिळवलेला आहे.

तरीही रोजचे तास लांबच होते. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचं काम दिवसाला बारा तासांवर आणलं. बारा तासांवर 'आणलं', म्हणजे त्याआधी किती असेल बघा! त्याच १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. या संस्थेने कामगार वस्त्यांत रात्रशाळा चालवल्या, मोफत वाचनालयं काढली, फिरती वाचनालयं सुरू केली. थकलेला माणूस पुस्तकापर्यंत येणार नाही, म्हणून पुस्तकंच चाळीत गेली. पुढे १९४८ च्या कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले. कामाचे तास जसे कमी होत गेले, तशी वाचणाऱ्यांची संख्या वाढायला जागा झाली.

आता खेड्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला एक मुलगा बडोद्याला दत्तक गेला आणि राजा झाला. ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. पण शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं अक्षर विसरतं, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे जाणकार बोलावले आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात. एका गावाने वाचली की पेटी पुढच्या गावाला. बायकांसाठी आणि मुलांसाठी वाचनाची वेगळी सोय केली. शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांची पेटी गावाच्या चावडीवर येत होती, हे ऐकून आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या बचतगटाच्या पेटीसारखीच की! फिरती राहिली तरच उपयोगाची."

तमिळनाडूत मन्नारगुडीजवळ १९३१ मध्ये बैलगाडीतून पुस्तकं खेड्यांत जाऊ लागली. ग्रंथालयशास्त्राचे आपले मोठे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी त्याच वर्षी या शास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. पुस्तक हे वापरण्यासाठी असतं, हा त्यातला पहिला विचार. आणि या विचाराखालीच ते वाचनालयाच्या वेळेचा प्रश्न घेतात. कपाटात जपून ठेवायचं असेल तर दार कधीही उघडा, काय फरक पडतो? पण वापरायचं असेल तर लोकांना सवड असेल तेव्हाच दार उघडं हवं.

आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळू लागलं. आपल्याकडची बहुतेक वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही. गावातल्या, वस्तीतल्या संस्था चालवतात आणि सरकार अनुदान देतं. म्हणून त्यांच्या वेळा बऱ्याचदा एका माणसावर अवलंबून असतात. तोच ग्रंथपाल, तोच कुलूप उघडणारा, तोच झाडणारा. मानधन तुटपुंजं, म्हणून तो दुसरीकडेही काम करतो. वाचनालय सकाळ-संध्याकाळ दोन-तीन तास का उघडं असतं, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. ग्रंथपालाला दोष देऊन भागत नाही.

आता आमच्या भांडुपचं सांगतो. १९५० साली भांडुपपर्यंतची उपनगरं मुंबई महापालिकेत आली. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने उभे राहिले. रंगाचा, टायरचा, लोखंडी मालाचा. कोकणातून, घाटावरून माणसं आली आणि डोंगरावर वस्ती चढत गेली. तीन पाळ्यांचं आयुष्य. दहा बाय बाराची खोली, त्यात रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला. पोरांनी आवाज करायचा नाही आणि दिवाही लावायचा नाही. मग पोरगं अभ्यास कुठे करणार? आता बऱ्याच कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या. डोंगरावरच्या खोल्या मात्र तेवढ्याच आहेत.

लोक विचारतात, हातात मोबाइल आहे, मग वाचनालय हवं कशाला? आमच्या गटात यावर चर्चा झाली तेव्हा उत्तरं भराभर आली. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला चार तास शांत बसायला खुर्ची, टेबल आणि उजेड लागतो. तो मोबाइलमध्ये मिळत नाही. निवृत्त झालेल्या बाबांना चार वर्तमानपत्रं एका जागी लागतात. लहान मुलाला चित्रांचं पुस्तक हातात धरायचं असतं, आणि मोबाइलचा डेटा संपला तरी पुस्तक संपत नाही. योजनेचा अर्ज भरताना शेजारी कुणीतरी समजावून सांगणारं असतं. आणि एकीने सांगितलं ते सगळ्यांना पटलं : "काही विकत न घेता, कुणाचं काम न करता बाईने तासभर बसावं, अशी वाचनालयाशिवाय दुसरी जागा कुठे आहे?" देवळात बसलं तरी घरचे विचारतात, एवढा वेळ काय करत होतीस.

मग आम्ही एका बैठकीत मोठ्या कागदावर आमचा दिवस मांडला. पहाटे पाणी, मग डबे, मग कुणी धुण्याभांड्यांच्या कामाला, कुणी पोळीभाजीच्या, कुणी शिलाईला. संध्याकाळी पुन्हा पाणी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. मोकळी वेळ एकच, दुपारी दीड ते चार. त्याच कागदावर आमच्या जवळच्या वाचनालयाची वेळ लिहिली : सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. दोन्ही शेजारी ठेवल्यावर भाषणाची गरजच उरली नाही. वाचनालय बायकांना बंद नव्हतं, पण आमच्या सवडीला ते नेमकं कुलपात होतं.

आम्ही तक्रार केली नाही. सत्तावीस जणींच्या सह्यांचा अर्ज केला, तो कागद सोबत जोडला आणि ग्रंथपालांना भेटलो. त्यांनी त्यांची अडचण सांगितली : दुपारी त्यांना दुसरं काम असतं. मग तोडगा निघाला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार वाचनालय उघडं राहील, आणि गटातल्या दोघी पाळीपाळीने नोंदवही सांभाळतील. पहिल्या आठवड्यात पाच जणी आल्या. दोन महिन्यांनी खुर्च्या कमी पडू लागल्या, तेव्हा चटई अंथरली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक जण मोठ्याने बातम्या वाचते. एका मावशींनी साठाव्या वर्षी पहिल्यांदा नोंदवहीत अंगठ्याऐवजी स्वतःचं नाव लिहिलं. त्या दुपारी चहा त्यांच्याकडून होता!

गावातल्या मैत्रिणींनो, तुमचा दिवस आमच्यापेक्षा वेगळा. लावणी-कापणीच्या दिवसांत दुपारही मोकळी नसते. रात्री जेवणानंतर सवड असेल तर दिव्याची आणि सोबतीची सोय लागेल. म्हणून आमची वेळ तुम्ही उचलू नका, रीत उचला. गटाच्या बैठकीत आपला दिवस कागदावर मांडा. गावच्या वाचनालयाची पाटी वाचा. कोण चालवतं ते विचारा, सभासद व्हा, जमलं तर कार्यकारिणीत एक तरी बाई बसवा. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा होते, तिथे हा विषय घ्या. गावात वाचनालयच नसेल तर सयाजीरावांची पेटी आठवा : तालुक्याच्या वाचनालयातून वीस पुस्तकं गटाच्या नावाने आणता येतात का ते विचारा. केरळात वाचनालयाच्या कार्यकर्त्या बायकांच्या घरी जाऊन पुस्तकं देतात. आपल्याकडे गट आहेत, वह्या आहेत, हिशोबाची शिस्त आहे. पुस्तकं फिरवायला आणखी काय लागतं?

कामगारांनी रविवार मागितला तेव्हा मालक म्हणत असतील, सुट्टी घेऊन हे करणार काय? आपण दुपारचे दोन तास मागितले की आपल्यालाही तेच विचारतात. उत्तर द्यायची घाई करू नका. आधी दार उघडू द्या. तुमच्या वाचनालयाची वेळ काय आहे आणि तुमची सवड कधी आहे, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.