लहान पेटी आणि मोठा आवाज

एखाद्या गृहस्थानें घरीं गाणें ऐकण्यासाठीं ध्वनिक्षेपकांची लहानशी जोडी घ्यावयाचें ठरविलें म्हणजे तो प्रथम काय करतो? ज्यांच्या घरीं तशी जोडी आहे त्यांना विचारतो. एक स्नेही सांगतो, "अहो, गवई समोर बसून गातो आहे असें वाटतें." दुसरा त्याच जोडीविषयीं म्हणतो, "छे! डग्गा वाजतो कीं डबा वाजतो, तेंच कळत नाहीं." दोघेहि प्रामाणिक, दोघांनीहि पदरचे पैसे खर्च केलेले, आणि दोघांनीहि घेतलेली वस्तु एकच. मग खरें कोणाचें मानावें? पुस्तकांच्या फळीवर मावणारा हा ध्वनिक्षेपक तेथवर आला कसा, हें पाहिलें म्हणजे त्याच्या मालकाचा अभिप्राय कोठें विश्वासार्ह आणि कोठें नाहीं, हेंहि उमगतें. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

घरोघरीं दिसणाऱ्या ध्वनिक्षेपकाची मूळ रचना १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन इंजिनियरांनीं प्रसिद्ध केली. चुंबकाच्या खांचेंत तारेचें एक वेटोळें आणि त्याला जोडलेला कागदाचा शंकु. तारेंतून वाहणारी वीज गाण्याच्या चालीनें कमीअधिक होऊं लागली कीं वेटोळें मागेंपुढें हलतें, त्याबरोबर शंकु हलतो, आणि शंकु हवेला हलवितो. एवढेंच त्याचें मर्म. त्यापूर्वीं ग्रामोफोनला काय किंवा आरंभींच्या रेडिओला काय, आवाज मोठा करण्यास कर्णा लागत असे, आणि कर्ण्यांतून येणारा प्रत्येक आवाज थोडासा कर्ण्याचाच होऊन येई.

परंतु या शंकूला एक जन्मजात खोड आहे. तो पुढें सरकला कीं समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. उंच स्वरांत यानें फारसें बिघडत नाहीं. खर्जाच्या स्वरांत मात्र मागची लाट कडेनें वळसा घालून पुढें येते आणि पुढच्या लाटेला गिळून टाकते. म्हणून शंकूच्या दोन बाजूंमध्यें आडोसा हवा. पेटी हवी ती याच कारणासाठीं. पण पेटी लहान आणि बंद केली तर आंतली कोंडलेली हवाच शंकूला अडवूं लागते. सारांश, ज्याला खर्ज हवा त्यानें दिवाणखान्यांत कपाटाएवढी पेटी आणावी, हा १९५० च्या सुमारासचा सर्वमान्य नियम होता.

आपल्याकडे त्या वेळीं असला शौक फारच थोड्यांना परवडण्यासारखा होता. मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि पुढें जो रेडिओ मध्यमवर्गाच्या घरांत आला, त्याच्या लाकडी पेटींतच एकुलता एक शंकु बसविलेला असे. त्या पेटींत खर्ज बेताचाच. तरीहि आमच्या वडीलधाऱ्यांनीं तिच्यावरच मैफली ऐकल्या आणि तंबोऱ्याचा खर्ज ऐकल्याचें समाधानहि मानलें. हें समाधान खोटें नव्हतें. काळी एकच्या षड्जाला दर सेकंदास सुमारें १३९ कंपनें असतात. त्या पट्टींतील तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेला त्याच्या निम्मीं, म्हणजे सुमारें ६९. इतका खालचा स्वर लहान शंकूला नीट उमटवितां येत नाहीं. पण त्या तारेंतून जे वरचे अनुनाद उठतात ते उमटतात, आणि त्यांवरून मूळ स्वर कोणता हें आपली श्रवणशक्ति आपणच जुळवून घेते. म्हणजे ऐकण्याचें निम्में काम पेटी करते आणि निम्में आपण करतों. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

कपाटाएवढ्या पेटीचा नियम मोडला तो १९५४ सालीं, आणि मोडला एका शिक्षकानें. एडगर व्हिल्चर हे न्यूयॉर्क विद्यापीठांत ध्वनिविषयक वर्ग घेत असत. त्यांनीं विचार केला तो असा: शंकूला जागेवर परत आणण्यासाठीं त्याच्या कडेची घडी ताठ ठेवावी लागते, आणि शंकु जोरानें हलला कीं हीच ताठ घडी आवाज विकृत करते. मग ती घडी अगदीं सैल ठेवली, पेटी घट्ट बंद केली, आणि आंत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचें काम दिलें तर? जी हवा आजवर वैरीण मानली होती तिलाच त्यांनीं चाकरीस लावलें. ही कल्पना विकत घेण्यास बडे कारखानदार तयार झाले नाहींत. तेव्हां व्हिल्चर यांनीं आपल्याच वर्गांतील हेन्री क्लॉस या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. तिच्या पहिल्या ध्वनिक्षेपकाची पेटी दोन घनफुटांपेक्षांहि लहान होती, आणि तींतून निघणारा खर्ज मोठमोठ्या पेट्यांना लाजविणारा होता.

अर्थात् फुकट कांहींच मिळत नाहीं. पुढें १९५७ सालीं क्लॉस, माल्कम लो आणि अँटन हॉफमन हे तिघे वेगळे निघाले व आपल्या आद्याक्षरांवरून त्यांनीं 'केएलएच' ही कंपनी स्थापिली. यांपैकीं हॉफमन हे प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. त्यांच्या नांवानें एक नियम रूढ आहे. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तीन वरांपैकीं कोणतेहि दोन मागून घ्यावेत. तिसरा मिळावयाचा नाहीं. व्हिल्चर यांच्या पेटीनें पहिले दोन घेतले आणि तिसरा सोडला. तिला वीज अधिक लागे. आजहि लहान ध्वनिक्षेपक घेणाऱ्यानें हा नियम विसरूं नये. "लहान आहे, स्वस्त आहे, आणि सर्वच करतो," असें कोणी सांगूं लागला तर त्याला नम्रपणें विचारावें, "मग सोडलें काय?"

लहान पेटीचें भाग्य खऱ्या अर्थानें उघडलें तें १९५८ सालीं. त्या सुमारास दुहेरी ध्वनीच्या, म्हणजे स्टीरिओच्या, तबकड्या बाजारांत आल्या. आतां घरांत एक नव्हे, दोन ध्वनिक्षेपक पाहिजेत! बैठकीच्या खोलींत दोन कपाटें ठेवण्यास कोणती गृहिणी राजी होईल? पुस्तकांच्या फळीवर दोन पेट्या मात्र सहज बसल्या. मागणी वाढली तशी किंमत उतरली. अकूस्टिक रिसर्चच्या पहिल्या पेटीस १८५ डॉलरांच्या आसपास पडत. त्याच कंपनीची १९६५ मधील लहान पेटी साठ डॉलरांच्या आसपास मिळूं लागली. विद्यार्थी आणि नवें बिऱ्हाड थाटणारीं माणसें गाणें ऐकूं लागलीं, तीं या पेटीमुळें.

पण श्रोतेहो, एवढ्याशा पेटींतून एवढा आवाज निघतो यावर लोकांचा विश्वास बसेना, कारण डोळे कानांना साक्ष देऊं देत नव्हते! तेव्हां त्या कंपनीनें जाहीर मैफली योजल्या. फाइन आर्ट्स क्वार्टेट हें चार वादकांचें पथक रंगमंचावर वाजवीत बसे. मधूनच ते नुसते गज फिरवीत आणि आवाज ध्वनिक्षेपकांतून येई. बदल नेमका केव्हां झाला हें पुष्कळ श्रोत्यांना ओळखतां येत नसे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत तिनें एक खोली उघडली. तेथें कोणीहि बसून ऐकावें, मात्र विक्री होणार नाहीं, असा दंडक होता. इंग्लंडांत व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनींहि १९५४ सालीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें वादकांचें प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिक्षेपक यांचा असाच सामना लावला होता.

लंडनच्या बीबीसीनें याहून साधी कसोटी धरली. तिच्या इंजिनियरांना ध्वनिमुद्रणाच्या गाडींत मावेल असा लहान ध्वनिक्षेपक पाहिजे होता. तो १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत सिद्ध झाला. जेमतेम तीस सेंटिमीटर उंच आणि एकोणीस रुंद. बीबीसीच्या परीक्षकांची आवडती कसोटी म्हणजे ओळखीच्या माणसाचें साधें बोलणें. मनुष्य समोर बोलतो तें ऐकावें आणि मग ध्वनिक्षेपकांतून तेंच ऐकावें. वाद्य नवें असूं शकतें. पण रोजच्या माणसाचा आवाज चुकला तर कानाला तात्काळ खटकतो. याच काळांत ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनीं, भोक ठेवलेल्या पेटीचा खर्ज कागदावर आधींच गणितानें कसा काढावा, हें दाखवून दिलें. थील यांचा निबंध १९६१ चा. तो १९७१ सालीं पुन्हां छापला गेला तेव्हां त्याकडे जगाचें लक्ष गेलें. अंदाजाची जागा गणितानें घेतली आणि स्वस्त पेटीहि चांगली करतां येऊं लागली. १९८० नंतर लौकरच आलेली व्हार्फडेलची 'डायमंड' ही चिमुकली जोडी या प्रगतीची साक्ष आहे.

आतां मालकांच्या अभिप्रायाकडे वळूं. १९९४ सालीं फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघा संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं आपल्याच कंपनींतील चाळीस माणसांना कांहीं ध्वनिक्षेपक दोनदां ऐकविले; एकदां पडद्याआड, एकदां डोळ्यांदेखत. मोठ्या, किंमती पेट्यांना डोळ्यांदेखत अधिक गुण मिळाले. लहान, स्वस्त संचानें पडद्याआड मिळविलेले गुण पडदा दूर होतांच गमावले. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, पेटीची जागा बदलल्यानें आवाजांत खरोखर जो फरक पडत होता, तो डोळे उघडे असतांना या ऐकणाऱ्यांच्या फारसा ध्यानांत येईना. डोळ्यांनीं नसलेलें ऐकविलें आणि असलेलें झांकलें.

हें वाचून मला माझीच एक गोष्ट आठवली. आपल्या देशांत परदेशी ध्वनियंत्रांवर फार वर्षें जबर जकात होती. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल होत गेले, आणि आमच्यासारख्यांना अशी जोडी घेण्याचा धीर त्यानंतरच झाला. मीं ती आणली आणि नांवाप्रमाणें पुस्तकांच्या कपाटांत, भिंतीला चिकटवून ठेवली. तबल्याचा डग्गा असा घुमूं लागला कीं गाण्याचे शब्द त्यांत बुडाले. "माल सुमार आहे," असें मीं दोघांतिघांना सांगितलें. एका शेजाऱ्यांनीं तर माझ्या शब्दावर आपला बेतच रद्द केला. पुढें रंगकामासाठीं कपाट रिकामें केलें तेव्हां त्या पेट्या सहज दोन स्टुलांवर, भिंतीपासून हातभर पुढें, कानाच्या उंचीवर ठेवल्या. आणि तीच जोडी, तेंच गाणें, पण आवाज निराळा! पेटीच्या पाठीस भोक होतें आणि भिंत व कोपरा खर्जाला फुगवीत होते. दोष मालाचा नव्हता, मांडणीचा होता. शेजाऱ्यांकडे जाऊन चूक कबूल केली. उभा जन्म मुलांना "आधीं नीट तपासा, मग उत्तर लिहा" असें सांगणाऱ्या मला तो धडा थोडा उशिरांच मिळाला.

म्हणून आरंभींच्या त्या दोन स्नेह्यांपैकीं खोटें कोणीच बोलत नव्हतें. प्रत्येकानें आपल्या खोलीचा, आपल्या भिंतीचा, आपण मोजलेल्या पैशांचा आणि आपल्या कानाचा अभिप्राय दिला. त्याला पेटीचा अभिप्राय आपण समजलों, एवढीच चूक. मालकाचें मत टाकाऊ नाहीं. प्रयोगशाळेंत न मिळणारी एक वस्तु त्याच्यापाशीं असते: वर्षानुवर्षांचा सहवास. पण तें मत घेतांना विचारावें, खोली केवढी? पेटी भिंतीपासून किती दूर? काय ऐकतां, आणि किती मोठ्यानें? कारण दोन पेट्यांत जी किंचित् मोठ्यानें वाजते तीच कानाला सरस भासते, आणि हळू वाजविल्यावर खर्ज आधीं नाहींसा होतो.

आणि स्वतः निवडावयाची वेळ आली तर ओळखीचा आवाज बरोबर न्यावा. ज्या गवयाला प्रत्यक्ष ऐकलें आहे त्याचें गाणें, किंवा घरांतील माणसाचें मुद्रित केलेलें बोलणें. दोन्ही पेट्या सारख्याच आवाजांत लावावयास सांगाव्या, आणि डोळे मिटावे. लहान पेटीला मोठा आवाज मिळवून देण्यास शहाण्या माणसांचीं कित्येक वर्षें खर्ची पडलीं. तिचा न्याय करतांना आपण घटकाभर डोळे मिटले, तर तेवढें ऋण आपल्याकडून फिटेल.