फुलणाऱ्या गोळीचा मागोवा

अमेरिकेत पानगळ सुरू झाली की हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो आणि बंदुकांच्या दुकानांत जुनाच प्रश्न ऐकू येतो: गोळी 150 ग्रेनची घ्यावी की 170 ची? ग्रेन हे गुंजेहूनही हलके माप. 7000 ग्रेन मिळून एक पौंड होतो, म्हणजे 150 ग्रेनची गोळी जेमतेम पावणेदहा ग्रॅमची. पण वजनापेक्षा तिचे टोक महत्त्वाचे. अंगभर तांब्याचे वेष्टन आणि टोकाशी मात्र उघडे, मऊ शिसे. या उघड्या टोकाचा माग काढत गेले की वाट थेट कोलकात्याजवळच्या डमडमला पोचते.

कित्येक शतके गोळी म्हणजे नुसते शिसे. ते जड असते, 327 अंशांना वितळते, त्यामुळे शेकोटीवरसुद्धा साच्यात ओतता येते. अंगात शिरताच ते चपटे होते आणि जखम रुंद करते. फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याने 1849 मध्ये बुडाशी पोकळ असलेली गोळी केली. बार उडाला की ते बूड फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसे. 1857 च्या उठावाची ठिणगी ठरलेल्या एनफिल्डच्या काडतुसातली गोळी याच कुळातली.

पुढे 1884 मध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू शोधली. गोळीचा वेग एवढा वाढला की नुसते शिसे नळीत माखून राहू लागले. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने त्याआधीच शिशावर तांब्याचे वेष्टन चढवले होते. तो उपाय आता सगळीकडे गेला, पण त्यातून नवाच दोष निघाला. वेष्टनातली गोळी चपटी होईना. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी 480 ग्रेनची होती. नंतर आलेल्या ली-मेटफर्डची 215 ग्रेनची, सडपातळ आणि कडक. वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या 1895 च्या मोहिमेत तक्रार आली की गोळी लागलेला माणूसही धावत अंगावर येतो.

डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकावरचे वेष्टन काढून शिसे उघडे ठेवले. अंगात शिरताच ते अळंबीसारखे फुलायचे. सरहद्दीवर तिराहच्या मोहिमेत ही गोळी पठाणांवर चालली. 29 जुलै 1899 रोजी हेग परिषदेने माणसाच्या शरीरात सहज फुलणाऱ्या गोळ्यांवर युद्धात बंदी घालणारा जाहीरनामा काढला. ‘रानटी’ लोकांशी लढताना अशी गोळी लागतेच, असा युक्तिवाद ब्रिटिश प्रतिनिधींनी तिथे केला होता. ब्रिटनने तो जाहीरनामा मान्य केला 1907 मध्ये.

शिकाऱ्यांकडे मात्र फुलणारी गोळी डमडमच्या आधीपासून होती. टोकाशी पोकळ असलेल्या ‘एक्सप्रेस’ गोळ्या हिंदुस्थानातल्या जंगलांतही वाजत. 1895 मध्ये विंचेस्टरचे .30-30 काडतूस आले आणि बिनधुराची दारू व मऊ टोक अमेरिकेतल्या सामान्य शिकाऱ्याच्या हाती पडले. युद्धात जिला क्रूर ठरवले, तिलाच इथे दयेचे काम मिळाले, आणि मला हे पटते. कडक गोळी हरणातून दाभणासारखी आरपार जाते. जखमी हरीण झाडीत दूर निघून जाते आणि कुठेतरी तडफडत मरते. फुलणारी गोळी फुप्फुसांत आपला सगळा जोर ओतते आणि हरीण थोड्याच पावलांत पडते. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी न फुलणारी गोळी वापरणे हाच गुन्हा आहे.

फुलणेही बेताचे हवे. फार मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते आणि आत पोचतच नाही. 1946 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या एका मूस हरणाच्या अंगात खोल शिरल्याच नाहीत. त्याने गोळीच्या मधोमध धातूचा आडपडदा घातला. पुढचा भाग फुलायचा, मागचा तसाच आत शिरायचा. रायफलीचा घाटही गोळीचा आकार ठरवतो. विंचेस्टर रायफलीच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते आणि ते टोकदार असेल तर आतच बार उडू शकतो. म्हणून .30-30 साठी बोथट टोकाची गोळी घेण्याची रीत पडली.

शेवटचा दोष सापडला तो शिकाऱ्याची पाठ वळल्यावर. हरणाची आतडी रानातच टाकली जातात, त्यांत शिशाचे बारीक कण राहतात आणि ते गिधाडांच्या पोटात जातात. 1982 मध्ये कॅलिफोर्नियाची काँडर गिधाडे अवघी 22 उरली होती, आणि आजही त्यांचा मोठा शत्रू शिशाची विषबाधा हाच आहे. 1989 मध्ये बार्न्स कंपनीने निव्वळ तांब्याची गोळी आणली. ती चार पाकळ्यांसारखी फुलते, पण तिचा चुरा होत नाही. 1 जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हरणाची शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण अमेरिकेतल्या मराठी घरी शेजारी कधी प्रेमाने हरणाचे मांस आणून देतो. शिशाचे ते कण मांसातही उतरतात आणि लहान मुलांना, गर्भवतींना शिसे सर्वांत घातक. तेव्हा पातेले चुलीवर चढवण्याआधी शेजाऱ्याला जरूर विचारावे: गोळी तांब्याची होती की शिशाची?