लेचमोर हीथचे कृष्णमंदिर आणि ब्रिटिश नियोजन कायदा

लंडनच्या वायव्येस हर्टफोर्डशायर परगण्यात लेचमोर हीथ नावाचे लहानसे गाव आहे. मध्यभागी गवताळ पटांगण, जवळ तळे, भोवती जुनी घरे आणि अरुंद रस्ते. या गावाच्या कडेला भक्तिवेदांत मॅनर हे कृष्णमंदिर आहे. तेथे सर्वसामान्य भाविकांनी पूजेसाठी यावे की नाही, या प्रश्नावर स्थानिक परिषद आणि मंदिर यांच्यातील संघर्ष १९८०च्या दशकात सुरू झाला आणि १९९६ मध्ये संपला. परदेशातील हिंदू प्रार्थनास्थळे आणि त्यांचे शेजारी यांच्यात जागेवरून होणारे वाद समजून घेण्यासाठी हे प्रकरण उपयुक्त ठरते. श्रद्धेचा आदर आणि जमीनवापराचे नियम यांची सांगड कशी घालावी, हा त्यातील मूळ प्रश्न होता.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघ, म्हणजेच इस्कॉन, या संस्थेची स्थापना ए. सी. भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे केली. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमजवळील बरी प्लेस येथे १९६९ मध्ये संस्थेचे मंदिर सुरू झाले. परंतु ती जागा लवकरच अपुरी पडू लागली. तेव्हा 'बीटल्स' या वाद्यवृंदातील गायक-वादक जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ मध्ये लेचमोर हीथ येथील पिगॉट्स मॅनर हा वाडा खरेदी करून संस्थेच्या उपयोगासाठी दिला. त्याच वर्षी तेथे राधा-गोकुलानंद या मूर्तींची प्रतिष्ठापना झाली.

याच सुमारास ब्रिटनमधील हिंदू समाजाचे चित्र झपाट्याने बदलत होते. युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांनी १९७२ मध्ये आशियाई वंशाच्या रहिवाशांना देशाबाहेर काढले आणि त्यांपैकी हजारो कुटुंबे ब्रिटनमध्ये आली. त्यांत गुजराती हिंदूंची संख्या मोठी होती आणि त्यांतील अनेकांनी वायव्य लंडनच्या उपनगरांत संसार थाटले. त्या काळी मोठी, परंपरागत पद्धतीने पूजाअर्चा चालणारी मंदिरे तेथे फारशी नव्हती. साहजिकच साधकांच्या निवासी शिक्षणासाठी घेतलेला हा वाडा थोड्याच वर्षांत हजारो कुटुंबांचे तीर्थस्थान बनला. जन्माष्टमीला तर भाविकांच्या मोटारींनी गावातील रस्ते भरून जाऊ लागले.

'वापर' या शब्दाचे महत्त्व

ब्रिटनच्या आधुनिक नियोजन व्यवस्थेचा पाया १९४७च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने घातला. नवे बांधकाम करण्यासाठी परवानगी लागते, तशीच अस्तित्वात असलेल्या इमारतीच्या वापरात ठळक बदल करण्यासाठीही लागते. एकही वीट न हलवता नियमभंग होऊ शकतो, तो यामुळेच. गोव्यातील वाचकांना सेटलमेंट झोन, ऑर्चर्ड झोन आणि जमिनीचे रूपांतर हे शब्द परिचित आहेत. गोव्यातही १९७४चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे. जमीन कोणाच्या मालकीची यापेक्षा तिचा उपयोग कशासाठी होतो, हा प्रश्न तेथे आणि येथे सारखाच निर्णायक ठरतो.

मॅनरला मान्यता होती ती निवासी धर्मशिक्षण महाविद्यालय म्हणून. जाहीर पूजा आणि उत्सव हा त्याच वापराचा भाग मानायचा की वेगळा वापर, हा पहिला वाद. त्यात भर पडली ती जागेच्या स्थानाची. वाडा लंडनभोवतीच्या 'ग्रीन बेल्ट'मध्ये, म्हणजे हरित पट्ट्यात मोडतो. शहराची अनिर्बंध वाढ रोखावी आणि शेजारची गावे त्यात विरघळून जाऊ नयेत, यासाठी हा पट्टा राखला जातो. तेथे अनुचित ठरणाऱ्या विकासाला परवानगी हवी असेल, तर 'अत्यंत विशेष परिस्थिती' असल्याचे अर्जदाराला दाखवून द्यावे लागते.

करारापासून बंदीपर्यंत

प्रारंभी सामोपचाराचा प्रयत्न झाला. हर्ट्समिअर बरो कौन्सिल ही स्थानिक परिषद आणि इस्कॉन यांच्यात १९८३ मध्ये करार होऊन, ठरावीक उत्सवदिवस वगळता, भेट देणाऱ्यांची संख्या दिवसाला १,०००पर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरले. मात्र गर्दी वाढत गेली आणि गावकऱ्यांच्या तक्रारीही. वाहनांची रीघ, दारासमोर उभ्या राहणाऱ्या मोटारी, गोंगाट आणि गावाच्या शांततेचा भंग असे त्यांचे आक्षेप होते. परिषदेने १९८७ मध्ये जाहीर पूजा व उत्सवांसाठी होणारा वापर थांबवण्याची नोटीस बजावली.

इस्कॉनने नोटिशीविरुद्ध अपील केले आणि सार्वजनिक चौकशी झाली. तत्कालीन पर्यावरणमंत्री ख्रिस पॅटन यांनी १९९० मध्ये अपील फेटाळले. पर्यायी व्यवस्थेसाठी संस्थेला दोन वर्षांची मुदत मिळाली. न्यायालयीन लढाईमुळे अंमलबजावणी लांबत गेली, पण न्यायालयांतही संस्थेला यश आले नाही. अखेर १६ मार्च १९९४ ही अंमलबजावणीची तारीख ठरली. त्या दिवशी लंडनमध्ये हिंदू समाजाचा मोठा मोर्चा निघाला. त्यात सुमारे ३६ हजार लोक सहभागी झाल्याचे मंदिराकडून सांगितले जाते.

मानवी हक्क आयोगाचे मत

दरम्यान इस्कॉनने युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली होती. युरोपीय मानवी हक्क करारनाम्यातील नववे कलम धर्मस्वातंत्र्याची हमी देते. मात्र मोर्चाच्या आठच दिवस आधी, ८ मार्च १९९४ रोजी, आयोगाने ही तक्रार दाखल करून घेण्यास नकार दिला. धर्मस्वातंत्र्याच्या आधारे नियोजन कायद्याला बगल देता येणार नाही, असे आयोगाने म्हटले. त्याचबरोबर त्याने एक अटही घातली : नियोजनाची प्रक्रिया चालवताना धर्मस्वातंत्र्याला पुरेसे वजन दिले गेले पाहिजे. प्रार्थनास्थळ आहे म्हणून नियम शिथिल होत नाहीत, तसेच नियम सर्वांना सारखा आहे एवढे सांगून प्रशासनाची जबाबदारीही संपत नाही, असा या मताचा आशय आहे.

रस्त्याने सुटलेला पेच

हा पेच पुढे सुटला तो एका रस्त्यामुळे. गावातून न जाता थेट मंदिरापर्यंत पोहोचणारा स्वतंत्र प्रवेशमार्ग बांधण्याचा प्रस्ताव इस्कॉनने मांडला. स्थानिक परिषदेने तो नाकारल्यानंतर प्रकरण पुन्हा सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले. मे १९९६ मध्ये पर्यावरणमंत्री जॉन गमर यांनी प्रवेशमार्गाला आणि जाहीर पूजेला परवानगी दिली. हरित पट्ट्यातून नवा रस्ता काढण्याचे नुकसान एका पारड्यात होते; हिंदू समाजाची धार्मिक गरज आणि वाहतुकीच्या त्रासातून गावाची सुटका दुसऱ्या पारड्यात. दुसरे पारडे जड ठरले. हा रस्ता आज 'धरम मार्ग' या नावाने ओळखला जातो आणि मंदिराच्या पत्त्यातही तेच नाव आहे.

या घटनाक्रमात गावकऱ्यांची बाजू केवळ पूर्वग्रह म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. काहीशे लोकांच्या गावात एका दिवशी हजारो वाहने येणे ही खरीखुरी अडचण होती. दुसरीकडे, ज्यांना जवळपास दुसरे मोठे मंदिर नव्हते अशा भाविकांच्या दृष्टीने 'पूजा अन्यत्र करा' हा सल्ला पोकळ होता. उत्तर लंडनमधील नीसडन येथील स्वामिनारायण मंदिरही ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे हा वाद अखेरच्या टप्प्यात असताना, खुले झाले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य करणारा तोडगा निघण्यास इतकी वर्षे जावी लागली.

अमेरिकेतील कायदा

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला जातो. तेथे भूवापराचे झोन स्थानिक प्रशासन ठरवते. तथापि संघराज्याने २००० मध्ये धार्मिक भूवापरासंबंधी स्वतंत्र कायदा केला. स्थानिक नियमामुळे धर्माचरणावर भरीव भार पडत असेल, तर त्यामागे अपरिहार्य सार्वजनिक हित असल्याचे आणि ते साधण्यासाठी कमीत कमी निर्बंध घालणारा मार्ग निवडल्याचे प्रशासनाला सिद्ध करावे लागते. धार्मिक संस्थांना अन्य संस्थांपेक्षा कमी दर्जाची वागणूक देण्यासही हा कायदा मनाई करतो. अर्थात वाहनतळ, इमारतीची उंची, सांडपाणी, अग्निसुरक्षा यांविषयीचे नियम तेथील मंदिरांनाही चुकत नाहीत.

जागा घेण्यापूर्वी

परदेशातील भारतीय समाजाच्या अनेक संस्था गणेशोत्सवासारखे कार्यक्रम भाड्याच्या सभागृहांत करतात आणि कालांतराने स्वतःची वास्तू असावी, अशी इच्छा धरतात. लेचमोर हीथच्या अनुभवातून त्यांच्यासाठी काही प्रश्न पुढे येतात. इमारतीचा मान्य वापर कोणता आहे? रोजच्या पूजेला किती माणसे येतील आणि वर्षातील सर्वांत मोठ्या उत्सवाला किती? त्यांची वाहने कोणत्या रस्त्याने येतील आणि कोठे उभी राहतील? सायंकाळी किती वाजता ध्वनिक्षेपक बंद होतील? या प्रश्नांची उत्तरे खरेदीखतावर सही होण्यापूर्वी शेजाऱ्यांसमोर ठेवणे इष्ट. वाडा मिळाल्यापासून भाविकांच्या पूजेला निर्विवाद मान्यता मिळेपर्यंत भक्तिवेदांत मॅनरला तेवीस वर्षे वाट पाहावी लागली.