१०,००० बी.सी. (चित्रपट)

१०,००० बी.सी. हा २००८ साली प्रदर्शित झालेला, प्रागैतिहासिक काळावर आधारित इंग्लिश साहसपट आहे. त्याचे दिग्दर्शन रोलंड एमेरिक यांनी केले असून पटकथा एमेरिक व हॅराल्ड क्लोसर यांची आहे. स्टीव्हन स्ट्रेट, कॅमिला बेल आणि क्लिफ कर्टिस यांच्या प्रमुख भूमिका असून निवेदन ओमर शरीफ यांचे आहे.

कथानक

मॅमथची शिकार करून जगणाऱ्या डोंगराळ टोळीवर घोडेस्वार हल्ला करतात आणि इव्होलेटसह अनेकांना पळवून नेतात. तिच्या शोधात निघालेला तरुण शिकारी डेले पर्वत, अरण्य व वाळवंट ओलांडून पिरॅमिड उभारणाऱ्या एका साम्राज्यात पोहोचतो आणि तेथील गुलामांच्या उठावाचे नेतृत्व करतो.

निर्मिती

चित्रीकरण न्यू झीलंड, दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथे झाले. मॅमथ, सुळेदार वाघ आणि महाकाय शिकारी पक्षी संगणकीय चित्रणाने साकारण्यात आले.

प्रतिसाद

सुमारे १०.५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २७ कोटी डॉलरची कमाई केली. समीक्षकांचा प्रतिसाद मात्र प्रामुख्याने प्रतिकूल होता. भव्य दृश्यांच्या तुलनेत पात्रचित्रण उथळ व कथा साचेबद्ध असल्याची टीका झाली. भाकिते आणि चमत्कार कथेतील पेच सोडवतात. शेवटी मृत नायिकाही पुन्हा जिवंत होते, त्यामुळे संघर्षाची धार बोथट होते.

कालविपर्यासही ठळक आहे. गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड इ.स.पू. २६व्या शतकातील, म्हणजे चित्रपटातील काळानंतर सात हजारांहून अधिक वर्षांनी बांधलेला आहे. पिरॅमिडच्या बांधकामात मॅमथ वापरल्याचा कोणताही पुरावा नाही.