भुलवणीचा पक्षी : इंग्लंडच्या शेतांवरील रानकबुतरांची शिकार

इंग्रजीतील 'डिकॉय' या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ 'भुलवून जवळ आणणारा प्राणी अथवा त्याची प्रतिमा' असा आहे. तथापि या शब्दाच्या मुळाशी भुलवणी नसून पिंजरा आहे. डच भाषेतील 'कोय' हा शब्द लॅटिन 'काव्हेआ' म्हणजे पोकळी, पिंजरा यापासून आला. इंग्रजी 'केज' हाही त्याच कुळातला. 'कोय'च्या आधी आलेला 'डि' हे डच भाषेतील उपपद असावे असे काही कोशकार मानतात, तर बदकांच्या सापळ्यासाठी डच भाषेत असलेल्या सामासिक शब्दाचा तो चुकीने तोडलेला उत्तरार्ध असावा, असे इतर काहींचे मत आहे. वाद उपपदापुरता आहे. पिंजऱ्याविषयी मतभेद नाही.

सतराव्या शतकात ही डच युक्ती इंग्लंडमध्ये स्थिरावली. दुसऱ्या चार्ल्सने १६६५ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स उद्यानात असा एक 'डिकॉय' एका डच कारागिराकडून बांधवून घेतला. एक तळे, त्यातून निघणारे बाकदार चर, त्यांवर ताणलेले आणि पुढेपुढे अरुंद होत जाणारे जाळे, चराच्या काठी आडोशासाठी बोरूचे तट, आणि त्या तटांमधून मध्येच दिसणारा व मध्येच नाहीसा होणारा एक लहान कुत्रा, अशी ही रचना होती. कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या या कुत्र्याच्या मागे पाण्यातली रानबदके कुतूहलाने चरात शिरत आणि जाळ्याच्या टोकाशी पकडली जात. त्या काळी या सर्व बांधकामाला मिळून 'डिकॉय' हे नाव होते. पुढे ते त्यात पाळलेल्या माणसाळलेल्या बदकाला लागले, नंतर लाकडी बदकाला, आणि अखेरीस गव्हाच्या धसकटात काडीच्या आधाराने बसवलेल्या मेलेल्या कबुतरालाही. स्थळवाचक शब्द साधनवाचक झाला, आणि त्या साधनाभोवती जाळ्याची जागा बंदुकीने घेतली.

या शिकारीचे समर्थन इंग्लंडमध्ये दीर्घकाळ एकाच कारणावर उभे राहिले आहे : रानकबूतर हा पिकाचा शत्रू आहे. या समर्थनाचा इतिहास शिकारीच्या इतिहासाहून वेगळा आहे, आणि दोहोंची गल्लत झाल्याने या विषयावर पुष्कळ सैल लिखाण झाले आहे.

मराठीत 'डिकॉय'साठी 'आमिष' हा शब्द सर्रास योजला जातो, तो समाधानकारक नाही. आमिष म्हणजे मूलतः मांस, खाद्य. गळाला लावतात ते. भुलवणीचा पक्षी खाद्य देऊ करीत नाही. येथे आपल्या जातीचे इतर पक्षी निर्धास्तपणे चरत आहेत, सबब ही जागा सुरक्षित आहे, एवढीच ग्वाही तो देतो. हा भेद प्राचीन भारतीयांना ठाऊक होता. पालीत अशा पक्ष्याला 'दीपक' म्हणतात. तित्तिर जातकातील तित्तिर पक्षी पारध्याच्या ताब्यात सापडतो, त्याच्या ओरडण्यामुळे जातभाई येऊन मरतात, आणि या पापाचा वाटा आपल्याकडे येतो काय, या शंकेने तो व्याकूळ होतो. मनात हेतू नसेल तर पाप चिकटत नाही, असे उत्तर त्याला मिळते. पारध्याच्या हेतूची चौकशी मात्र त्या संवादात होत नाही. बाराव्या शतकात चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'तही शिकवलेल्या हरणांच्या साहाय्याने रानहरणे जवळ आणण्याचा प्रकार मृगयेत गणलेला आहे. सारांश, युक्ती कोणा एका देशाची नाही. इंग्लंडचे वैशिष्ट्य युक्तीत नसून ती ज्या पक्ष्यावर वापरली गेली त्याच्या कायदेशीर स्थितीत आहे.

ही स्थिती समजण्यासाठी दोन कबुतरांत भेद केला पाहिजे. आपल्याकडील पारवा आणि युरोपातील कबुतरखान्यांतले कबूतर ही मुळात एकच जाती. ती कड्याकपारींत राहणारी, म्हणून दगडी भिंतीतील कोनाड्यांत सहज रमणारी. रानकबूतर त्याहून निराळे : आकाराने मोठे, वजन सुमारे अर्धा किलो, झाडांवर घरटे करणारे, प्रौढावस्थेत मानेच्या दोन्ही बाजूंस पांढरा डाग व पंखावर उडताना स्पष्ट दिसणारा पांढरा आडवा पट्टा असलेले. पहिले जहागीरदाराची मालमत्ता होते. दुसरे कोणाचेच नव्हते.

कबुतरखाना बाळगणे हा मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जहागिरीचा अधिकार होता. जहागीरदाराची कबुतरे कुळाच्या शेतात चरत. कुळाने ती मारली तर अपराध कुळाचा. पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीच्या आरंभीच एका कायद्याने तितर व फेझंट यांच्याबरोबरच कबुतरांवरही बंदूक चालवण्यास मनाई करण्यात आली. फ्रान्समध्ये याच हक्काविरुद्धची चीड क्रांतीपूर्व गाऱ्हाण्यांच्या वह्यांत ठिकठिकाणी नोंदलेली आहे. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्कांवर जी कुऱ्हाड कोसळली, तिच्यातून निघालेल्या हुकुमांच्या दुसऱ्याच कलमात कबुतरखान्यांचा अनन्य अधिकार रद्द झाला : गावाने ठरवलेल्या हंगामात कबुतरे कोंडून ठेवावीत, न ठेवल्यास ती शिकार समजली जातील व प्रत्येकास आपल्या जमिनीवर ती मारता येतील. इंग्लंडमध्ये असा एका रात्रीचा प्रसंग घडला नाही. तेथील कबुतरखाने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत हळूहळू ओस पडले. धान्याचे वाढते मोल आणि हिवाळ्यात चाऱ्यावर जगवता येऊ लागलेली गुरे, ही त्याची कारणे मानली जातात.

ज्या चाऱ्याने कबुतरखान्याची उपयुक्तता घटली, त्याच चाऱ्याने रानकबुतराची भरभराट केली. लॉर्ड टाउनशेंड १७३० मध्ये राजकारणातून निवृत्त होऊन नॉरफोकमधील आपल्या रेनम येथील जमिनीकडे परतला आणि गहू, सलगम, जव व क्लोव्हर या चौपिकी फेरपालटाचा खंदा पुरस्कर्ता झाला. या पद्धतीचा शोध त्याने लावला असे पाठ्यपुस्तके सांगतात ते खरे नाही. ती आधीपासून प्रचारात होती. परंतु तिचा प्रसार झाला आणि इंग्लंडच्या शेतांत भर हिवाळ्यात हिरवी पाने दिसू लागली. पूर्वी ओकची व बीचची फळे संपली की उपासमार होणाऱ्या पक्ष्याला आता क्लोव्हर होते. रानकबूतर जंगलातून शेतात आले असे म्हणण्यापेक्षा शेतीने त्याच्यासाठी हिवाळाच बदलून टाकला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

याच सुमारास शिकारीचा कायदाही पालटला. १८३१ च्या अधिनियमाने शिकारीसाठी आवश्यक असलेली मालमत्तेची अट काढून टाकली आणि 'शिकार' कोणती याची यादी दिली : ससे, फेझंट, तितर, ग्राउझ इत्यादी. या यादीत रानकबूतर नाही. जमीनदाराने भाडेपट्ट्यात शिकारीचे हक्क स्वतःकडे राखले तरी रानकबुतराच्या बाबतीत कुळाला सहसा मोकळीक असे. फेझंटची शिकार हा निमंत्रितांचा समारंभ होता. कबुतरावर बंदूक उचलणारा बहुधा शेतकरी स्वतः, त्याचा मुलगा किंवा शेतमजूर असे. स्वयंपाकघरात पक्षी येई आणि पीक राखल्याचे समाधानही मिळे. समर्थनाची ती भाषा येथे प्रथम रुजली, आणि तेव्हा ती प्रामाणिकही होती.

बंदुकीच्या सुधारणेने उडता पक्षी आटोक्यात आणला. स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूच्या चापाचा एकाधिकार मिळवला. चकमकीच्या बंदुकीत आधी ठिणगी दिसे, मग बार होई, आणि तेवढ्या अवकाशात पक्षी सावध होत, हा त्याचा शिकारीतील अनुभव या शोधामागे होता. मागून काडतूस भरावयाची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झाली, आणि आडोशात बसून एकामागून एक येणाऱ्या पक्ष्यांवर झटपट बार टाकणे शक्य झाले. भुलवणीची शिकार आजच्या स्वरूपात यानंतरचीच होय.

अशा शिकारीच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. दुर्बीण घेऊन शेताच्या कडेला उभे राहावयाचे आणि कबुतरे कोठून येतात, कोठे उतरतात हे पाहावयाचे. ती मन मानेल तशी उडत नाहीत. वईची रांग, झाडांचा पट्टा, दोन टेकड्यांमधली खोलगट जागा अशा खुणांना धरून त्यांचे मार्ग ठरलेले असतात, आणि ते वाऱ्याबरोबर सरकतात. लपण या मार्गाखाली, वाऱ्याकडे पाठ येईल असे बांधतात. जाळी, फांद्या, कधी गवताचे भारे एवढे साहित्य पुरते; मात्र आत बसणाऱ्याचा चेहरा व हात दिसता कामा नयेत. समोर वीस-पंचवीस पावलांवर भुलवणीचे पक्षी मांडावयाचे. प्रचलित मांडणी घोड्याच्या नालासारखी असते. पक्ष्यांची तोंडे साधारणपणे वाऱ्याकडे ठेवतात, कारण कबूतर वाऱ्याला तोंड देऊन उतरते. पण सर्व अगदी एकाच दिशेला नकोत, नाहीतर कवायत वाटते. नालाची उघडी बाजू वारा जिकडे जातो तिकडे ठेवतात, आणि येणारा पक्षी त्या मोकळ्या जागेत उतरू पाहतो. पहिली कबुतरे पडली की तीच हनुवटीखाली काडी देऊन मांडणीत बसवतात. लवचीक काठीवर एखादे पंख पसरलेले ठेवतात, म्हणजे वाऱ्याने ते उतरत असल्यासारखे हलते. अलीकडे विजेरीवर फिरणाऱ्या दोन दांड्यांना पक्षी लावण्याची पद्धतही आली आहे. शिकारी त्याला 'मॅग्नेट' म्हणतात.

वसंतात नुकती पेरलेली शेते, उन्हाळ्यात वाटाणा व लोळलेला गहू-जव, नंतर धसकटे, आणि हिवाळ्यात क्लोव्हर किंवा रेप असा या शिकारीचा वर्षक्रम आहे. तासन्‌तास आकाश रिकामे राहते. मग अर्ध्या तासात बंदूक तापते. मेजर आर्ची कोट्स याने दुसऱ्या महायुद्धानंतर हा उपजीविकेचाच व्यवसाय केला. हॅम्पशायरमधील शेतकरी त्याला बोलावीत, तो पीक राखी आणि पक्षी विकी. १९६२ च्या जानेवारीत त्याने एका दिवसात ५५० रानकबुतरे मारली. पुढे त्याने या विद्येवर पुस्तकही लिहिले, आणि बहुतेक शिकाऱ्यांचे शिक्षण त्यावरच झाले.

कोट्सने हा आकडा गाठला त्याच काळात केंब्रिजशायरमधील कार्लटनच्या परिसरात रोनाल्ड मर्टन व त्याचे सहकारी शासनाच्या कृषिखात्यासाठी रानकबुतरे मोजत होते. युद्धोत्तर शासनाने कबूतर हे उपद्रवी मानले होते आणि हिवाळी मोहिमांसाठी काडतुसांच्या खर्चाचा काही भाग सरकारी तिजोरीतून दिला जात होता. मर्टनचा निष्कर्ष या धोरणाला अडचणीचा ठरला. हिवाळ्याच्या अखेरीस किती कबुतरे उरतील हे बंदुकांवर नव्हे, तर क्लोव्हरच्या पानांच्या साठ्यावर ठरत होते. शिकाऱ्यांनी मारलेली कबुतरे उपासमारीने मेलीच असती. ती मेल्याने उरलेल्यांच्या वाट्याला अधिक पाने आली आणि वसंतात संख्या तीच राहिली. थव्यातील दुबळे पक्षी आघाडीला ढकलले जातात, सतत मान वर करून पाहतात, म्हणून कमी खातात आणि आधी मरतात, हेही त्याने निरीक्षणाने दाखवले. १९६५ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काडतुसांवरील अनुदान पुढे बंद करण्यात आले.

या निष्कर्षाचा अर्थ शिकार निरुपयोगी आहे असा काढणे घाईचे होईल. संख्या कमी करणे आणि शेत राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोवळ्या वाटाण्याच्या शेतात आठवडाभर बंदूक वाजली तर कबुतरे दुसरीकडे जातात, पीक त्या नाजूक काळातून निभावते, आणि शेतकऱ्याचा हेतू तेवढ्याने साधतो. भुलवणीच्या पद्धतीतच मात्र एक अंतर्विरोध आहे, आणि त्याकडे समर्थकांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. जेथून पक्षी हाकलावयाचे, तेथेच तिने त्यांना बोलवावयाचे असते. इंग्लिस व आयझॅकसन या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुलवणीच्या पक्ष्यांच्या निरनिराळ्या ठेवणी तपासल्या आणि पंख उघडून त्यांवरील पांढरे पट्टे दाखवणारी ठेवण कबुतरांना दूर ठेवते असे त्यांना आढळले. ज्याचे पीकच राखावयाचे आहे त्याने मेलेले कबूतर पंख मिटून नव्हे, पसरून मांडावे, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. शिकाऱ्यांनी हा सल्ला फारसा मनावर घेतल्याचे दिसत नाही. यावरून त्यांचा हेतू केवळ राखणीचा नव्हता, एवढे अनुमान काढावयास हरकत नसावी.

दरम्यान मर्टनच्या गणिताचा पायाही बदलला. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात गेल्यानंतर रेपचे क्षेत्र झपाट्याने वाढले, आणि क्लोव्हरची जी टंचाई हिवाळ्यात संख्येला आळा घालीत होती ती उरली नाही. आज ब्रिटनमध्ये रानकबुतरांच्या सुमारे ५० लाख जोड्या असाव्यात असा अंदाज आहे.

कायद्याने हेतूचा प्रश्न अखेर उघडपणे विचारला. भुलवणीसाठी बांधलेला, आंधळा केलेला वा जखमी जिवंत पक्षी वापरण्यास १९५४ च्या अधिनियमाने मनाई केली होती. १९८१ च्या अधिनियमाने ती कायम ठेवली आणि ध्वनिमुद्रित आवाजही त्या बंदीत आणला. रानकबूतर मारण्यास पुढे सर्वसाधारण परवान्याचा आधार आवश्यक झाला. परवाना पिकाची गंभीर हानी टाळण्यासारख्या कारणांसाठी आहे, करमणुकीसाठी नाही. एप्रिल २०१९ मध्ये 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने दिलेल्या आव्हानानंतर इंग्लंडमधील असे तीन परवाने एकाएकी रद्द झाले, आणि वसंताच्या पेरण्या चालू असतानाच शेतकऱ्यांची तारांबळ उडाली. लवकरच नवे परवाने निघाले. त्यांच्या अटींनुसार परवान्याचा आधार घेणाऱ्याने बंदुकीशिवायचे उपायही योजलेले असावे लागतात, आणि आपण कोणत्या पिकासाठी कबूतर मारीत आहोत हे त्याला सांगता यावे लागते.