गिरण्या गेल्या, झांक्या राहिल्या

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या निघतात, तेव्हा त्यांच्यावरची नावे मुलांना जरूर वाचायला लावावीत: हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. ही कापड गिरण्यांची नावे आहेत आणि यांपैकी एकही गिरणी आज चालू नाही.

माळव्याची जमीन काळी, त्यामुळे कापूस घरचाच. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात दरबाराने स्वतःची गिरणी काढली. पुढे शेठ हुकुमचंदांसारखे धनिक पुढे आले आणि गिरणीच्या भोंग्यावर चालणारे शहर उभे राहिले. झांकीची प्रथाही हुकुमचंद मिलनेच सुमारे शंभर वर्षांपूर्वी पाडली, असे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो.

ही मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. ५,८९५ कामगारांचे पैसे अडकले ते बत्तीस वर्षे. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटींच्या थकबाकीचा धनादेश निघाला, पण तोवर कित्येक घरांत पैसे घ्यायला कामगार उरलाच नव्हता, वारस होते. आता मिलच्या साडेबेचाळीस एकर जागेवर नवे बांधकाम व्हायचे आहे. मधल्या काळात तिथे वाढलेल्या झाडांसाठी इंदूरकर रस्त्यावरही उतरले.

जुनी गिरणी म्हणजे केवळ भंगार नव्हे. जाड विटांच्या भिंती, उंच छत, खांबांमध्ये ऐसपैस अंतर. करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणून ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. अशा शेडमध्ये शाळा, वाचनालय, कार्यशाळा, काहीही थाटता येते. मुंबईत फिनिक्स मिलची चिमणी राखली आणि भोवती मॉल झाला. चिमणी दिसते, गिरणगावचा माणूस मात्र तिथे गिऱ्हाईक म्हणूनही क्वचितच जातो. आमच्या मते हा अर्धाच पुनर्वापर.

इंदुरात अजून संधी आहे. गिरण्या बंद पडल्यावरही कामगारांनी वर्गणी काढून, उधारी करून झांक्या चालू ठेवल्या. नव्या आराखड्यात त्यांना एक कायमची शेड द्यावी. वर्षभर तिथे मुलांनी सुतारकाम, वेल्डिंग, विजेचे काम शिकावे आणि भाद्रपदाआधी झांकी बांधावी. झांक्यांना महापालिका आणि विकास प्राधिकरण अनुदान देतातच. अडले आहे ते जागेपाशी.